भट्टीचं तेरावं

दिनानाथ म्हात्रे पेणच्या एसटी स्टँडजवळ कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवी. वडील खारेपाटात मिठागरावर राबलेले. दिनानाथने मात्र कोवळ्या वयात रेडिओ दुरुस्ती शिकून घेतली आणि मिठाच्या कामातून पाय काढला. मी रोह्याच्या एका कंपनीत हिशेब खात्यात आहे, राहतो पेणला. संध्याकाळी एसटीतून उतरलो की घरी जाण्याआधी त्याच्या बाकावर घटकाभर टेकायचं, ही माझी सवय. त्याची हकिगत लिहायला बसलो याचं कारण एवढंच, की त्याला जे ऐकून घ्यावं लागलं त्याची चीड माझ्या मनातून अजून जात नाही.

या माणसाला हेवी मेटल नावाच्या विलायती संगीताचं वेड होतं. मला त्यातलं काही कळत नाही; पत्र्याच्या शेडवर कुणी दगड टाकत सुटलंय असं वाटतं. पण रामवाडीचा काळुराम बोटीवर नोकरीला होता. त्याने 'फर्नेस पॅरिश' नावाच्या इंग्रज बँडची कॅसेट आणली, आणि दिनानाथ त्या बँडचा झाला. कॅसेटच्या कव्हरावर चौघेजण कारखान्याच्या फाटकाशी उभे होते.

"साहेब, ही माणसं शिफ्ट सुटल्यावर वाजवतात असं वाटतं बघा," तो मला म्हणाला होता. "अंगात दिवसभराचं साठलेलं हाय, ते काढतात."

हळूहळू पेण-रोह्याची पंधरा-वीस पोरं त्याच्याभोवती जमली. फर्नेस म्हणजे भट्टी, म्हणून त्या इंग्रज बँडचं नाव त्यांनी 'भट्टी' ठेवलं. त्यांचा एक दंडक होता: भट्टीची नवी कॅसेट कुणी एकट्याने ऐकायची नाही. रविवारी दुपारी दिनानाथच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, सगळ्यांनी जमिनीवर बसायचं आणि एकदमच ऐकायची. मग दिनानाथ ज्याला त्याला भरून देई. त्यासाठी त्याने एक जुनं घेतलेलं परदेशी मशीन राखून ठेवलं होतं. भजनं, लग्नाची गाणी, कोळीगीतं साध्या मशीनवर. भट्टी मात्र त्या मशीनवरच, का तर आवाजाचा कस उतरू नये. भरताना तो आवाज बंद ठेवी, कारण दुकानात आलेल्या बायाबापड्यांना तो गोंगाट सोसत नसे. काळुराम बोटीवरून यायचा, कॅसेट द्यायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. रविवारी वाजायची ती दिनानाथने भरलेली.

चौऱ्याण्णव साली भट्टीचा नवा आल्बम आला. बऱ्याच वर्षांनी. चौघांचे केस पांढरे झाले होते. या खेपेला आल्बमची अस्सल कॅसेट मुंबईच्या दुकानांत मिळू लागली होती, म्हणून दिनानाथ स्वतः जाऊन ती घेऊन आला. रविवारी शटर अर्धं खाली आलं. मीही बाकावर होतो.

पहिलं गाणं संपायच्या आत हितेश उठला. हा पेणच्या एका कापडवाल्याचा मुलगा, पोरांचा पुढारी.

"काय हे? बैलगाडी चाललीय."

"थांब ना, पुढचं ऐक," दिनानाथ म्हणाला.

पुढचंही तसंच. माझ्या कंपनीत शिफ्टला असलेला प्रविण डोकं धरून बसला होता. "थकली रे भट्टी. गाणाऱ्याचा आवाज तर बघ, घशात कफ अडकल्यासारखा."

"म्हातारे झाले, घरी बसायचं ना!" हितेश म्हणाला. "कशाला दुनियेला ताप? दिनाकाका, तुम्ही पण कान साफ करून घ्या. तुम्हाला हे आवडतंय?"

"मला आवडतंय," दिनानाथ म्हणाला. सगळे हसले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहिलं नसतं. पुढच्या रविवारी पोरांनी दिनानाथच्याच दुकानात भिंतीवरचा भट्टीचा पोस्टर खाली उतरवला. नव्या कॅसेटमधली टेप ओढून काढली, तिचा हार करून पोस्टरला घातला, पुढे उदबत्ती लावली आणि भट्टीचं तेरावं घातलं. हितेशने स्टँडसमोरच्या हॉटेलातून भजी आणली होती. "जेवा रे, जेवा, आत्मा शांत होऊ दे!" म्हणत ती वाटली. ज्यांच्या गाण्यांवर ही पोरं दहा वर्षं जगली, त्यांचं हे उत्तरकार्य! आणि गुन्हा कोणता? वय झालं हा. माझ्या तोंडून चार कडक शब्द गेले. "अंकल, तुमची रिटायरमेंट जवळ आली म्हणून तुम्हाला लागतंय," असं मला उत्तर मिळालं.

 दिनानाथच्या घरी त्याच्या बायकोला, सगुणावहिनींना, बातमी आधीच पोचली होती.

"अवो, तुमच्या भट्टीवाल्यांचं तेरावं घातलं म्हणं? मग सुतक तुम्हालाच आलं असंल. जेवणार हाव का नाय?"

"तू गप गो," एवढंच तो म्हणाला.

पण त्याला ते खात होतं. माणसं खरंच थकली की आपलेच कान गेले, हे त्याला कळेना. काळुराम सुट्टीवर आला होता. दिनानाथ मला घेऊनच रामवाडीला गेला.

"काळ्या, भट्टीचा पहिला आल्बम लाव. तुझा, अस्सल."

काळुरामने कॅसेट लावली. दिनानाथ ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. पहिलं गाणं त्याला तोंडपाठ होतं, पण आता तो गाण्याच्या पुढे पळत होता. मान हलवायचा, आणि ठोका मागाहून यायचा.

"तुझा टेपरेकॉर्डर बिघडलाय."

"नवा हाय. तुझ्याच समोर बातम्या लावतो, बघ," काळुराम म्हणाला. रेडिओवरचा नेहमीचा माणूस नेहमीच्याच आवाजात बोलत होता. मग त्याच यंत्रावर त्याने साधी भजनाची कॅसेट लावली. तीही बरोबर.

दिनानाथ तडक दुकानात आला, परदेशी मशीन उघडलं. टेप ओढणारी चकती, त्याने मशीन घेण्याआधीच, कुणा मेकॅनिकने बदलली होती आणि ती मापापेक्षा बारीक बसवली होती. भरताना कोरी टेप हळू सरकायची. तीच कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर वाजवली की गाणं धावायचं. दहा वर्षं पेण-रोह्याने जी भट्टी ऐकली, ती दिनानाथच्या मशीनची भट्टी होती. चौघे म्हातारे पूर्वी जसे वाजवत तसेच आजही वाजवत होते.

"नका सांगू कुणाला," मी म्हणालो. खरंच म्हणालो. त्या टोळक्यात त्याच्या शब्दाला जी किंमत उरली होती, तीही गेली असती.

"मग जित्या माणसांच्या तेराव्याची भजी खाल्ली ती तशीच राहू द्यायची?"

रविवारी त्याने पहिल्या आल्बमच्या दोन्ही कॅसेटी सर्वांसमोर लावल्या, आधी आपली, मग काळुरामची, आणि चूक कुठे होती ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता पोरं ओशाळतील. पोस्टरची माफी मागतील.

प्रविण पहिला बोलला. "म्हणजे दहा वर्षं तुम्ही आम्हाला खोटं ऐकवलंत?"

"व्हय. माझ्या हातनं झालं."

"जाऊ दे रे," हितेश हसत म्हणाला. "खोटं तर खोटं, झकास होतं. काका, एक काम करा. नव्या आल्बमची दुसरी कॅसेट आणतो, ती त्याच मशीनवर भरून द्या. भट्टी परत जिवंत! तेरावं कॅन्सल!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्याने सगळं पूर्ववत झालं असतं: रविवार, शटर, दिनाकाका दिनाकाका. मी दिनानाथकडे बघत होतो.

"नाय," तो म्हणाला. "त्या माणसांनी जसं वाजवलंय तसं. कुणाच्या मशीनवर पळवून म्हाताऱ्यांना तरणं करायचं नाय."

त्याने मशीन काउंटरवर घेतलं आणि बारीक चकती काढून योग्य मापाची बसवली.

हितेशने दोनच दिवसांत मुंबईहून दुसरी कॅसेट आणून, रोह्यात एकाला गाठून, मशीन मुद्दाम हळू करवून, नवा आल्बम भरून घेतला. महिनाभरात तो निडीपासून कोलाडपर्यंत फिरला. आता हीच पोरं सांगू लागली, की आल्बम काय जबरदस्त आहे, भट्टी अजून तशीच आहे. तेरावं घातल्याचं कुणाच्या लक्षातही नव्हतं. दिनानाथला मात्र ती विसरली नाहीत. 'स्लो काका' असं त्याचं नाव पडलं. चूक कबूल करणारा हसण्यावारी गेला आणि चूक हौसेने करणारा जाणकार ठरला. याला काय म्हणावं?

दिनानाथने पाटी लावली: जुन्या कॅसेटी आणा, नीट भरून देतो. प्रविण तेवढा आला. त्याने पहिला आल्बम नीट भरून नेला आणि आठवड्याने परत आणून काउंटरवर ठेवला.

"काका, हे बरोबर असंल. पण मनाला लागत नाय. माझ्या तरुणपणी हे नव्हतंच."

मला त्याचा रागच आला. पण दिनानाथने कॅसेट उचलली, कव्हरावरची धूळ पुसली आणि टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

"बस. मला लागतंय. माझ्याबरोबर ऐक."

प्रविणने घड्याळाकडे पाहिलं. सेकंड शिफ्टची एसटी स्टँडवर लागली होती. तो उभ्यानेच एक गाणं ऐकून निघून गेला. दिनानाथने शटर अर्धं खाली ओढलं आणि उरलेलं ऐकत बसला.