सहादेव मिस्त्रीचा मुका स्लॅब

सहादेव गवंडी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचा नाही. समोर सरपंच असो नाहीतर पोस्टमन, याची नजर त्या माणसाच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर. आता अशा माणसांसाठी शहरातल्या डॉक्टरांकडे चांगली भारदस्त नावं आहेत म्हणे. १९९४ साली राहात्यात तेवढी सवड कुणाला होती? तिथं एकच नाव होतं, तर्कट. आणि ते नाव ठेवणाऱ्यांची घरं बघाल, तर एक भिंत दुसरीला काटकोनात भेटत नव्हती.

सहादेवच्या भिंती मात्र भेटायच्या. तो एकाच भिंतीला चार-चार वेळा ओळंबा लावायचा, आणि पाचव्यांदा नको म्हटलं तर दिवसभर घुम्यासारखा राहायचा. त्याचं दुखणं एकच होतं, गलका. दोन माणसं एकदम बोलली की दोघांचे शब्द त्याच्या डोक्यात कालवले जात आणि हाती काहीच लागत नसे. तिसरा बोलला की हा थापी खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून बसे. लोक हसत. हसणाऱ्यांचं काय जातं.

त्या साली श्रीरामपूरच्या शामकांतराव ठेकेदारांनी राहात्यात एका डॉक्टरांच्या दुमजली दवाखान्याचं काम घेतलं होतं. त्यांचा जुना मिस्त्री ऐन वेळी नाशिकला निघून गेला. शामकांतरावांनी सहादेवला मिस्त्री केलं, कारण बारा वर्षांत त्याचं एकही काम पाडून पुन्हा करावं लागलं नव्हतं. शामकांतराव मनाने वाईट नव्हते, पण गळा असा होता की ते राहात्यात बोलले तर शिर्डीत कळावं.

मिस्त्री होऊन पहिल्याच सकाळी सहादेवची त्रेधातिरपीट उडाली. वाळू कुठं टाकू, विटा किती भिजवू, चढायला बांबूचा पाड कुठं बांधू, चहूकडून प्रश्न. नऊच्या सुमाराला नवा मिस्त्री भिंतीकडं तोंड करून बसला होता आणि चाळीस माणसं कमरेवर हात ठेवून उभी होती.

तेव्हा रतनबाई पुढं झाली. ही घमेली वाहणाऱ्या बायांची म्होरकी, सहादेवच्याच वस्तीतली, त्याच्याहून दहा वर्षांनी थोरली. तिने सगळ्यांना मागं सारलं आणि त्याच्या शेजारी, तीही भिंतीकडंच तोंड करून, खाली बसली.

"सहादेवा, बोलू नगंस. आज काय करायचं ते या भिंतीवर काढून दाव."

त्याने चुलीतला कोळसा घेतला आणि कोऱ्या भिंतीवर काढलं. इथं वाळू, इथं विटांचा हौद, इथं पाड, आणि प्रत्येकापुढं जितकी माणसं तितक्या काड्या. सगळ्यांना कळलं. अडाण्याला कळलं, शिकलेल्यालाही कळलं. त्या दिवसापासून रोज सकाळी साइटवर आधी चित्र आणि मग काम. प्रश्न विचारायचा तर एकेकाने, आणि तोही रतनबाईला विचारून. महिनाभरात भिंती छातीपर्यंत आल्या, मग छतापर्यंत. हसणारे आता तंबाखू मळत गप बसू लागले.

पण स्लॅबची गोष्ट वेगळी. स्लॅब म्हणजे एका दमात व्हायला पाहिजे. खाली मिक्सर, वर मिस्त्री, मधे पाडावर उभी घमेल्यांची साखळी, आणि मिस्त्रीने सकाळपासून संध्याकाळपर्यंत वरून बोंबलायचं: माल पाठव, पातळ झाला, थांब, चल. आपल्याकडं स्लॅबच्या दिवशी ज्याचा गळा चालतो तोच मिस्त्री, असा सरळ हिशेब. शामकांतरावांनी तेच सांगितलं.

"सहादेव, भिंती झकास आहेत. पण स्लॅबला मी कोपरगावचा मिस्त्री आणतो. तुझ्याच्यानं नाही व्हायचं हे."

स्लॅबला दुसरा मिस्त्री आला की वरचा मजलाही त्याचाच, आणि सहादेव पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली, पुन्हा तोच गलका आणि तेच हसणं. आयुष्यात पहिल्यांदा माणसं त्याचं ऐकत होती. ते जाणार, एवढंच त्याला दिसत होतं. त्याने गुंडीकडं बघत मान हलवली. बोलली ती रतनबाई.

"सायेब, ह्यो एक स्लॅब आमाला टाकू द्या. एका दमात न्हाई झाला तर खुशाल आना तुमचा कोपरगाववाला."

"बरं. पण स्लॅब मधे थांबला, तर वरच्या मजल्याचं नाव काढायचं नाही."

मग दोघांनी मिळून युक्ती काढली. रतनबाईच्या जुन्या लुगड्यांची तीन फडकी काठ्यांना बांधली. हिरवं म्हणजे माल येऊ द्या, पिवळं म्हणजे पाणी कमी करा, लाल म्हणजे थांबा. मिक्सरचा धडधडाट सोसावा म्हणून सहादेव कानांत कापसाचे बोळे घालणार, तेव्हा बोलून उपयोगच नाही. बोलायचंच नाही. ओरडायचं ते फक्त कुणाच्या जिवावर बेतलं तर, आणि ओरडा ऐकला की घमेलं तिथंच टाकून सगळ्यांनी खाली यायचं, समोरच्या लिंबाच्या झाडाखाली उभं राहायचं. दोन संध्याकाळ त्यांनी रिकाम्या घमेल्यांनी तालीम केली. रस्त्यावर बघ्यांची ही गर्दी जमली. काही बहाद्दर तर सायकली लावून शेंगा खात बसले होते.

स्लॅबच्या दिवशी सकाळी मिक्सरपुढं नारळ फुटला आणि हिरवं फडकं वर गेलं. काय सांगावं, असा स्लॅब राहात्याने पाहिला नव्हता. मिक्सर तेवढा घरघरत होता, आणि माणसांची साखळी गुमान चालली होती. बांगड्या वाजल्या तर ऐकू येत होत्या. सहादेव वर फळी फिरवत होता आणि चक्क गुणगुणत होता. दुपारी एकपर्यंत अर्ध्याहून जास्त काम उरकलं. मिक्सरवाल्या आसारामने डिझेल भरायला मिक्सर बंद केला, लाल फडकं वर गेलं, आणि माणसं जागच्या जागी पाणी प्यायला थांबली.

नेमके तेव्हाच शामकांतराव स्कूटरवरून आले. मिक्सर बंद. माणसं उभी. तोंडातून ब्र नाही. स्लॅबच्या दिवशी अशी शांतता त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मजुरांनी काम बंद पाडलं, असंच त्यांना वाटलं, आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अरे, काम का थांबवलं?"

झालं. चाळीस घमेली धडाधड खाली पडली. माणसं पाडावरून भराभरा उतरली आणि तालमीत शिकवल्याप्रमाणे लिंबाखाली जाऊन उभी राहिली. डिझेल भरायला पाच मिनिटं लागणार होती, ते राहिलं बाजूला, आता काम खरोखर बंद पडलं. शामकांतराव आणखी ओरडले. ते जितके ओरडत, तितकी माणसं झाडाला चिकटत. रतनबाई खुणा करकरून थकली, पण शामकांतरावांना ती दिसेल तर ना.

वर सहादेव एकटा. ओला माल उन्हात थांबला की त्याचा काठ सुकतो, नवा माल त्याला धरत नाही, आणि तिथून छत जन्मभर गळतं. फार तर अर्धा तास हातात होता. कापसातूनही तो आवाज येत होता. त्याला वाटलं, बसावं झालं इथंच, तोंड फिरवून. पण छतावर तोंड फिरवायला भिंतच नव्हती. तो उतरला. कानांतले बोळे काढले आणि सरळ शामकांतरावांपुढं जाऊन उभा राहिला.

"सायेब, हितं वरडायचं न्हाई," तो गुंडीला म्हणाला. "वरडलं की काम थांबवायचं, असं मीच ठरवलंय. तुमी वरडताय तवर कुनी चढनार न्हाई. तुमी त्या दगडावर बसा."

ठेकेदाराला मिस्त्रीने बसा म्हणायचं. शामकांतराव गेले आणि दगडावर बसले. सहादेवने वर जाऊन हिरवं फडकं उचललं. साडेचारला शेवटचं घमेलं रिकामं झालं, तरी ते दगडावरून हलले नव्हते.

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना जिलबी आणि शेव वाटली. सहादेव आपला द्रोण घेऊन लांब विटांच्या ढिगावर जाऊन बसला होता. शामकांतराव नकाशाची गुंडाळी घेऊन तिथं आले आणि शेजारी टेकले. इतक्या हळू बोलताना त्यांना आजवर कुणी ऐकलं नसेल.

"वरचा मजला तुझा. हा नकाशा." त्यांनी गुंडाळी हातातल्या हातात फिरवली. "मला हा नीट वाचता येत नाही, सहादेव. घरी बायको, दमयंती, वाचून दाखवते आणि मी पाठ करतो. आकडे एका जागी राहत नाहीत रे. शाळेत मार खाल्ला त्यापायी. मग ओरडायला शिकलो. ओरडणाऱ्या माणसापुढं कुणी कागद धरत नाही."

आता सहादेव हसेल, किंवा निदान वाईट वाटलं म्हणेल, म्हणून ते थांबले. सहादेवने तसलं काही केलं नाही. त्याने जिलबी खाली ठेवली, बोटं विजारीला पुसली आणि नकाशा उलगडला.

"कंचे आकडे हालत्यात?"

बायकोला सोडून हे गुपित त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि असं कुणी कधी विचारलंही नव्हतं. शामकांतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी बोटाने दाखवलं.

"हा सहा. याचा नऊ होतो."

"बरं," सहादेव म्हणाला. "आनखी?"