आबांना न दिसणारा लाल दिवा

जळगावात मेहरूणला आबांच्या दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेली बॅटरीची ड्रिल नेली, की ते मशीनकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. आधी गिऱ्हाइकालाच दरडावायचे, "दिवा काय करतो ते सांग. नुसता लाल आहे, की लुकलुकतो?" सुतार, फिटर गडबडून जायचे. बाहेर सांगत फिरायचे, आबा शिस्तीचे भारी! डोंबलाची शिस्त! साखरेनं आबांची नजर चालली होती आणि चार्जरवरचा तो मोहरीएवढा दिवा त्यांना दिसतच नव्हता. हे फक्त मला, शेजारच्या प्लायवूडवाल्याला, ठाऊक होतं. गिऱ्हाईक गेलं की "भाऊ, जरा ये बरं" अशी हाक यायची आणि मी हातातलं टाकून दिवा पाहायला जायचो. नुसता लाल म्हणजे बॅटरी तापलेली, लुकलुकला म्हणजे बिघडलेली, लगेच काढायची.

धुळ्याची लेक मागे लागली होती, दुकान बंद करा, माझ्याकडे या. आबा म्हणायचे, "बायको गेली, नजर चालली. दुकानही सोडलं तर मी सकाळी उठू कशाला?"

पण माणूस मोठा गमत्या. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. बॅटरी तापून लाल दिवा लागला, की आमचे सुतार ती गार करायला थेट माठाच्या ओल्या गोणपाटावर ठेवायचे. अशी ओली बॅटरी हाताला लागली, की आबा अहिराणीत उतरायचे. "हाई काय करं रे? बॅटरी शे, बाळंतीण नही, आंघोय घालाले!" मग तेच तिला कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत ठेवायचे आणि सुताराला चहा पाजायचे. "तीही दमली, तूही दमला. बस घडीभर."

एका लग्नासाठी मी भुसावळला गेलो होतो. मागे एक फिटर अशीच पाणी शिरलेली बॅटरी ठेवून घाईत निघून गेला. आबांनी ती पुसून, वाळवून चार्जरला लावली. दिवा लाल लुकलुकत राहिला असणार. पाहायला कोणी नव्हतं. बॅटरीनं धूर सोडला आणि ती ओढून काढताना आबांचा तळवा भाजला. फोन आला तसा मी भुसावळहून धावत आलो, तेव्हा ते शटर ओढून पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "आबा, किरकोळ आहे. उद्या उघडू." ते म्हणाले, "आज माझा हात भाजला. उद्या एखाद्याचं घर जळेल. नको भाऊ." आठवड्यात लेक येऊन त्यांना घेऊन गेली.

पुढे धुळ्याला भेटायला गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून आबा दाराशी खुर्चीत बसलेले. लेक हळूच म्हणाली, "रोज दुकानाच्या वेळेला तयार होतात आणि असेच बसून राहतात." निघताना त्यांनी माझा हात धरला.

"भाऊ, माझा गाळा तसाच पडलाय का रे?"

"तसाच आहे, आबा."

"मालकाला सांग, कुणाला तरी देऊन टाक म्हणावं. बंद दुकान बरं दिसत नाही."

मी हो म्हटलं. त्या गाळ्यात केव्हाच मोबाइलची कव्हरं विकणारा येऊन बसला होता. ते सांगायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही, आणि आता सांगायला आबाच राहिले नाहीत.