पुलावरून पडलेला माणूस

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होतो. "मिस्टर क्लाइड वेदरबी सकाळी गेले," नर्स म्हणाली. "फॉर्मवर तुमचं नाव आहे. पण नात्याच्या रकान्यात त्यांनी 'प्रेक्षक' असं लिहिलंय. हे चुकून झालं का?" वाचकहो, मी सोलापूरचा. उत्तर न सुचण्याची ही माझ्या आयुष्यातली दुसरी वेळ. पहिल्या वेळी मी नुकताच जन्मलो होतो. "बरोबर लिहिलंय," एवढंच कसंबसं म्हणालो आणि फोन ठेवला. फोडणी जळून कोळसा झाली होती.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत मी आणि बायको सुमन वरच्या मजल्यावर आणि क्लाइड खालच्या. आम्ही राहायला आलो तो जानेवारी असा थंड, की तेव्हा सुरू झालेली माझी शिंक एप्रिलात पूर्ण झाली. पहिल्याच आठवड्यात दुपारी चारला खालून आरडाओरडा ऐकू आला. एक पोलीस, एक म्हातारी, एक कुत्रा, आणि गोळी लागल्यासारखा विव्हळणारा कुणीतरी. सुमन म्हणाली, "अहो, खाली खून होतोय. जा की!" मी लाटणं घेऊन गेलो. दार उघडलं ते पाच फूट तीन इंचांच्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एकट्या म्हाताऱ्यानं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पोलीस, म्हातारी, कुत्रा, सगळं तोच होता. रेडिओवरची नाटकं बंद पडून पंचवीसेक वर्षं झाली होती, आणि हा माणूस रोज चार वाजता उभा राहून ती जुनी नाटकं भिंतींना ऐकवत होता.

"रेडिओवर मी सहा फूट चार इंच होतो," क्लाइड सांगायचा. "टीव्ही आला आणि एका रात्रीत एवढासा झालो." एका गुप्तहेरमालिकेत तो दर आठवड्याला वेगवेगळ्या आवाजात मरायचा. सिनेमात हॉटेलचा कारकून किंवा बारमधला तिसरा माणूस, नायिका यायच्या आत गोळी खाणारा. पुढे बुटांच्या दुकानात नोकरी. पण सवयी रेडिओच्याच राहिल्या. संहितेची पानं कधी टाचायची नाहीत. वाचून झालं की पान बोटांतून अलगद सोडायचं, ते गालिच्यावर उतरलेलं मायक्रोफोनलाही कळता कामा नये. आणि कार्यक्रम संपेपर्यंत एकही पान उचलायचं नाही. त्याच्या पायाशी पानांचा पाचोळा साचलेला असायचा.

माझा गुन्हा घडला तो असाच एकदा. तो म्हणाला, "एका काउबॉयपटात मी पुलावर गोळी लागून घोड्यासकट नदीत पडलो होतो. खांदा निखळला. माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तेच." बोलता बोलता तो तोच खांदा चोळू लागला. ते काही मला बघवेना. तोंडातून निघून गेलं, "अहो, मी पाहिलाय तो! सोलापुरात, दहा वर्षांचा असताना!"

त्यानं माझ्याकडे फार वेळ बघितलं. मग हळूच खुर्चीत बसला. "सांग," म्हणाला.

तेव्हापासून दर शनिवारी क्लाइड वर यायचा, सुमनचं धपाटं दह्याशी खायचा आणि म्हणायचा, "हं, सोलापूर." सुरुवातीला माझ्या गोष्टीत तो पुलावरून पडला तेव्हा सिनेमाच्या तंबूत नुसत्या शिट्ट्या झाल्या होत्या. सहा महिन्यांत बायका हंबरडे फोडू लागल्या. वर्षभरात एक पैलवान बेशुद्ध पडला आणि नदीचं पाणी पडद्यातून पहिल्या चार रांगांत आलं. "गेल्या शनिवारी पैलवान दोन होते," क्लाइड बोट वर करून सांगायचा. सुमन मला स्वयंपाकघरात गाठायची. "किती फेकाल? देव आहे वर." मी म्हणायचो, "वर आपणच आहोत, खाली क्लाइड आहे." पण खरं सांगतो, ती थाप मला टोचायची. एकटा माणूस तिच्यावर आठवडा काढत होता.

मग आम्ही व्हीसीआर घेतला. क्लाइडच्या पंचाहत्तरीला त्याचा तोच सिनेमा दाखवायचा, म्हणून मी दुकानं पालथी घालून कॅसेट आणली. म्हटलं, आधी आपण बघू, तपशील पक्के होतील. पूल आला. नायक घोड्यावरून पलीकडे गेला. कुणीच पडलं नाही. मी तीनदा मागे नेऊन बघितलं. नावांच्या यादीतसुद्धा क्लाइड नव्हता. त्याचा प्रसंगच कापून टाकलेला. सुमन हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे क्लाइडना तुमची थाप पहिल्या दिवसापासून ठाऊक होती."

कॅसेट मी गुपचूप परत केली. वाढदिवसाला मफलर दिला. पुढच्या शनिवारी तो आलाच, "हं, सोलापूर," म्हणाला, आणि मी पहिल्यांदाच त्याच्याकडे न बघता सांगायला लागलो.

शेवटी घशाच्या आजारानं त्याचा आवाजच नेला. हॉस्पिटलात मी ठरवूनच गेलो होतो. "क्लाइड, त्या सोलापूरबद्दल मला एक कबूल..." त्यानं तळहात वर केला. रेडिओच्या स्टुडिओत कार्यक्रम चालू असताना आपसात बोलायची सोय नसते, सगळं हातांनी चालतं. तळहात म्हणजे थांब. मग त्यानं माझ्याकडे बोट रोखलं. म्हणजे तू, सुरू कर. मी सुरू केलं. असं सोलापूर मी उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. नगरपालिकेनं सुट्टी दिली, घोड्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली, पैलवान बेशुद्ध पडला... क्लाइडनं डोळे न उघडता दोन बोटं वर केली. पैलवान दोन.

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली, म्हणून काल मी आणि सुमन खाली गेलो. पुस्तक ठेवायच्या उंच घोडीवर टाइप केलेली पानं होती, न टाचलेली. वर शीर्षक, 'सोलापूर'. माझं शनिवारचं सगळं बोलणं त्यात होतं आणि माझ्या वाक्यांखाली, नटानं म्हणायच्या वाक्यांखाली मारतात तशा, निळ्या पेन्सिलीच्या रेघा. स्वतःला त्यानं एकही वाक्य ठेवलं नव्हतं. शेवटच्या पानावर फक्त एक आवाज लिहिला होता: माणूस पाण्यात पडतो. आवाज काढणार, क्लाइड वेदरबी. घोडीच्या पायाशी त्या आवाजासाठी पत्र्याचा टब, निम्मा भरलेला. पाण्यावर धुळीचा पातळ पापुद्रा.

सुमन दारातच थांबली. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. एकेक पान बोटांतून सोडत गेलो. शेवटचं पान आलं, पूल आला. मी टबाकडे बोट रोखलं आणि थांबलो.

पाणी हललं नाही. पानं आम्ही उचलली नाहीत.