सातवा शिक्का

फेरमोजणी व्हावी अशी माझी अजिबात इच्छा नव्हती, आणि अर्ज मात्र मीच लिहिला. अक्षर चांगलं म्हणून. पोस्टात बत्तीस वर्षं सॉर्टिंग केल्यावर इमारतीत माणसाला जो काही मान मिळतो तो एवढाच की कोणाचाही अर्ज असो, कागद आपल्यापुढे येतो.

हा अर्ज माझ्या बायकोचा होता. सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीवर सर्वसाधारण जागा सहा, उमेदवार आठ. पहिल्या मोजणीत पाचजण आरामात आले. सहाव्या जागेवर तीनशे दोनवाले एक्केचाळीस मतं घेऊन निवडून आले आणि बायको चाळीस मतं घेऊन पडली. नियमाप्रमाणे उमेदवाराने मोजणीला एक प्रतिनिधी बसवायचा असतो. तिचा प्रतिनिधी मी.

आता ती सर्वसाधारण जागेवर का उभी राहिली हे सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. निवडणूक लागली त्याच आठवड्यात चेअरमन घरी आले. माणूस मूळ इथलाच, गावठाणातला, मनाने मोकळा. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "वयनी, तुमची राखीव सीट हायेच. फॉर्म भरा, बिनविरोध. काय टेन्शनच नाय."

आमच्या समाजाचं इमारतीत आमचं एकच घर. त्यामुळे ती जागा दर निवडणुकीला आपोआप आमच्या दाराशी येते. याआधी दोनदा बायको त्या जागेवर बसलीही होती.

या वेळी ती म्हणाली, "राखीव जागेवरूनच मला नोकरी लागली, आणि ते मी कोणालाही सांगते. तिथे दार बंद होतं, ते उघडायला आरक्षणच लागत होतं. पण या बिल्डिंगचं पाणी बावीस वर्षं मी बघते. इथे मला बिनविरोध बसवू नका. निवडून द्या, नाहीतर पाडा."

ती पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाली. कोणता व्हॉल्व्ह अर्धा फिरवला की कोणत्या विंगला पाणी चढतं हे तिला झोपेतही सांगता येतं. पाइपलाइन बदलायची म्हणून वर्षभर सरकारी कार्यालयात खेटे घातले ते तिने, आणि उद्घाटनाला नारळ फोडला तो दुसऱ्याच कोणीतरी. तिला कमिटीची हौस नव्हती. तिला एवढंच बघायचं होतं की शेजारी तिला आपणहून मत देतात की नाही. हे ती मला एकदाच बोलली, भाजी निवडताना.

चेअरमन म्हणाले, "तुमची मर्जी." राखीव जागा रिकामी राहिली.

मग प्रचार सुरू झाला. ती प्रचाराला गेली नाही. "माझं काम माहीत आहे त्यांना," म्हणाली. बाकीचे मात्र आले. चेअरमन तर आमच्याच सोफ्यावर बसून मत मागून गेले. पहिल्या मजल्यावरचे चाचा, मूळ अलिबागकडचे, लिफ्ट बंद असताना माझी पिशवी चौथ्या मजल्यापर्यंत घेऊन आले आणि दारात म्हणाले, "भाईसाब, आपलं पण बघा." एकाने तर मयताला गेलो होतो तिथे, स्मशानाच्या फाटकाशी मत मागितलं. असे एकूण सहाजण. आणि सहाही जणांना मी म्हणालो, "अहो, हे काय सांगायला हवं? मत तुम्हालाच." तीनशे दोनवाले तेवढे आले नाहीत. पार्किंगवरून आमचा दोन वर्षं अबोला आहे.

मला नाही म्हणता येत नाही. याला लोक चांगुलपणा म्हणतात. बायको दुसरं काहीतरी म्हणते.

मतदानाच्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. मतपत्रिकेवर आठ नावं, हातात बाणफुलीचा शिक्का. बाहेर निवडणूक अधिकारी प्रत्येकाला बजावत होते, सहापेक्षा जास्त शिक्के मारले तर मत बाद. मी शब्द दिलेल्या सहा नावांपुढे सहा शिक्के मारले. मन स्वच्छ झालं. मग बायकोचं नाव दिसलं.

तिचं नाव मी विसरलो होतो असं नाही. ती धरलेलीच होती. घरातलं मत घरातच असणार, ते मोजायचं कशाला, असं काहीतरी डोक्यात होतं. आता सहा झाले होते आणि शाई खोडता येत नाही. नवीन मतपत्रिका मागायची तर बाहेर चेअरमन उभे, चाचा उभे, काय झालं विचारतील. मग तिच्या नावापुढे सातवा मारला. बाद तर बाद. तिला इतकी मतं पडतील की माझं एक हिशेबातही येणार नाही, आणि उद्या कोणी विचारलंच तर सातही जणांना छातीठोकपणे सांगता येईल की तुम्हाला शिक्का मारलाय. त्या क्षणी मला ही तोड फार हुशारीची वाटली.

शाईवर फुंकर मारली, घडी घातली आणि पत्रिका पेटीत टाकली.

एका मताने पडली म्हटल्यावर आमच्या विंगमधल्या बायका चिडल्या. "काका, एका मताने कसं काय? फेरमोजणी मागा!" मी म्हणालो, जाऊ द्या, खिलाडूपणा असतो. बायकोने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. अर्जात मी लिहिलं की बाद ठरवलेल्या मतपत्रिकाही पुन्हा तपासाव्यात. ते वाक्य तिने सांगितलं होतं.

रविवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात फेरमोजणी झाली. टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, बारीक अंगाचे, बोट ओलं करायला स्पंजची डबी घरून घेऊन आलेले. समोर मी आणि तीनशे दोनवाल्यांच्या बाजूने त्यांची मिसेस. उमेदवार भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर. दारात निम्मी सोसायटी. पत्रिकांना हात लावायचा नाही, फक्त बघायचं, असं अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितलं.

वैध पत्रिकांच्या गठ्ठ्यात काहीही बदल झाला नाही. एक्केचाळीस आणि चाळीस. मी उठायला लागलो.

"बसा," अधिकारी म्हणाले. "बाद राहिल्यात."

बाद तीन होत्या. पहिली कोरी. दुसरीवर आठही नावांपुढे शिक्के.

"हा कोन दानशूर?" चेअरमन म्हणाले. लोक हसले.

अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्रिका उजेडाला धरली, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "छोटा आरसा आहे का कोणाकडे?" तीनशे दोनवाल्यांच्या मिसेसनी पर्समधून पावडरची डबी काढून दिली. अधिकाऱ्यांनी डबीचा आरसा पत्रिकेपुढे धरला आणि आम्हाला समजावलं. बाणफुलीचे चारही हात एकाच बाजूला वळलेले असतात. शाई ओली असताना घडी घातली तर खालच्या अर्ध्या भागावर वरचा शिक्का उमटतो, पण उलटा वळलेला. आरशात धरला की तो सुलटा दिसतो, म्हणजे तो मारलेला नाही, उमटलेला आहे. अशी पत्रिका बाद होत नाही.

आठपैकी दोन शिक्के उमटलेले निघाले. त्यातला एक तीनशे दोनवाल्यांच्या नावापुढचा होता. बायकोच्या नावापुढचा खरा होता. मत वैध. एक्केचाळीस, एक्केचाळीस.

मिसेसनी पावडरची डबी परत घेतली आणि पर्सची चेन जोरात लावली.

दारात टाळ्या वाजल्या. मी बायकोकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला, बस. पण तिचा चेहरा मला पाठ आहे. तिला आनंद झाला होता, आणि तो तिने दाबून धरला होता. आमच्या विंगमधून आवाज आला, "तिसरीपण बघा! तीपण तशीच असेल!"

"आरसा पुन्हा द्या," अधिकारी म्हणाले. पर्सची चेन पुन्हा उघडली.

तिसरी माझी होती. सात शिक्के. अधिकाऱ्यांनी आरसा एकेका फुलीपुढे धरला आणि प्रत्येक वेळी मान हलवली. एकही फुली उमटलेली नव्हती. सातही मारलेल्या, ठसठशीत, चौकटीच्या बरोबर मध्ये. बत्तीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाचा हात होता तो. चेअरमन पुढे येऊन वाकून बघून गेले.

"एकदम क्लियर मारलेत. सात! सांगून सांगून तोंड दुखलं तरी सात. कोन येडा असंल?"

"असतात असे," मी म्हणालो. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

अधिकाऱ्यांनी पत्रिका टेबलावर सपाट ठेवली आणि कारण लिहायला पेन घेतलं. पत्रिकेचा उजवा कोपरा वर उठला. त्यांनी अंगठ्याने दाबला. अंगठा काढला, कोपरा पुन्हा उठला.

पोस्टात लागलो तेव्हापासून मी कागदाच्या तीन घड्या घालतो, आंतर्देशीय पत्रासारख्या, आणि शेवटी उजवा कोपरा आत मुडपतो म्हणजे घडी सुटत नाही. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, वाणसामानाची यादी, सगळं तसंच. बायको लग्नापासून याला हसते. आमच्या घरातला एकही कागद टेबलावर नीट बसत नाही.

बाकीच्या साऱ्या पत्रिकांना सांगितल्याप्रमाणे एकच आडवी घडी होती. अधिकाऱ्यांनी तिसऱ्यांदा कोपरा दाबला. मी बायकोकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. ती त्या कोपऱ्याकडे बघत होती. मग तिने सात नावं वाचली. तिच्या खुर्चीवरून ती दिसत होती.

"सातही शिक्के मारलेले, मत बाद," अधिकारी म्हणाले. "प्रतिनिधींची हरकत?"

"नाही," मिसेस म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो. आणि सही केली. सहीचं अक्षर चांगलं आलं.

मतं समान, म्हणून चिठ्ठी. चिठ्ठी कोणी काढायची यावर वाद झाला. शेवटी जिना झाडणाऱ्या मावशींना बोलावलं, कारण त्यांना सोसायटीत मत नाही. मावशींनी हात पदराला पुसला, डब्यातून एक चिठ्ठी उचलली आणि न उघडताच अधिकाऱ्यांना दिली. तीनशे दोन.

तीनशे दोनवाल्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी हात मिळवला.

चेअरमनना मनापासून वाईट वाटलं. ते बायकोजवळ येऊन म्हणाले, "वयनी, मनावर घेऊ नका. नशीब कोनाच्या हातात हाय? राखीव जागा खालीच हाय, पहिल्या मीटिंगला तुमाला घेऊन टाकतो."

"बघते," ती म्हणाली. तो माणूस वाईट नव्हता म्हणून तिने तसं सांगितलं.

आम्ही जिना चढून घरी आलो. लिफ्ट चालू होती, पण ती जिन्याकडे वळली आणि मी मागोमाग गेलो. प्रत्येक मजल्यावर मला वाटलं, आता बोलेल. घरी आल्यावर तिने चहा टाकला, दोन कप भरले, माझ्यासमोर बसली. मला इतकी लाज वाटत होती की कप उचलवेना.

"मी धरूनच चाललो होतो," मी म्हणालो. "तुझं मत घरातलंच. ते सगळे दारात आले होते गं. शब्द दिला होता. तोंडावर नाही कसं म्हणणार?"

"शेवटचा माझा मारलात ना?"

"हो."

तिने मान हलवली. टेबलावर विजेचं बिल पडलं होतं, तीन घड्यांचं, एक कोपरा वर आलेलं. तिने त्यावर आपला कप ठेवला. कोपरा बसला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "मी पण बाहेर जाऊन आपल्याच दाराची बेल वाजवायला हवी होती."