धाकटीच्या पत्रिकेचा कोपरा

कागद कापायचं हत्यार घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: एका वेळी किती कागद कापायचे, गठ्ठा दाबून धरायची सोय आहे का, आणि ते चालवणार कोण. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. हे मला पनवेलला धाकट्या बहिणीच्या लग्नात कळलं.

बाजारातल्या छापखान्याने पत्रिका छापल्या, पण एका कागदावर दोन-दोन. त्यांच्या यंत्राचं पातं धार लावायला मुंबईला गेलेलं. "घरीच कापून घ्या," मालक म्हणाले, जशी काही गवारच मोडायला दिली होती.

घरात पर्याय निघाले. कात्री सरळ जाते, पण एका वेळी दोन-तीन कागद, आणि बोटाला फोड. ब्लेड आणि फूटपट्टीने कड सुरेख येते, पण वडिलांनी काढून दिलेलं ब्लेड आधी त्यांच्या गालांवर भरपूर राबलेलं होतं. चाकू कागद कापत नाही, कुरतडतो. आत्या म्हणाली, "विळी आहे की!" विळी चालते, पण मग पत्रिकेला कांद्याचा वास येतो.

मी कात्रीवर शिक्का मारला. तेवढ्यात मामा कचेरीतला कटर काखोटीला मारून आले. लाकडी पाट आणि बाजूला तलवारीसारखं पातं.

"मामा, गठ्ठा दाबायला यात काहीच नाही. थोड्या थोड्या घ्या."

"तू रुखवताचं बघ. यंत्रातलं तुला काय कळतंय?"

दोन-दोनच्या पत्रिका त्यांनी बेताबेताने सुट्या केल्या, त्या छान झाल्या. तिथेच थांबायचं! पण कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा एकदम पात्याखाली सरकवला आणि दांडा दाबला. गठ्ठा फिरला. प्रत्येक पत्रिकेचा खालचा डावा कोपरा जमिनीवर.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. असं कार्ड लोक उंबऱ्याबाहेरच वाचून फाडतात. आणि पहिली पत्रिका घेऊन वडील सकाळी उरणला निघणार होते, वरमाईकडे. पाल चुकचुकली म्हणून त्या बाईंनी साखरपुडा पुढे ढकलला होता. ही पत्रिका पाहून लग्नच मोडलं असतं. धाकटीला तर मुलगा मनापासून आवडला होता. छापखान्यात तसला कागद संपलेला.

धाकटीच उठली. "उरलेले तीनही कापा."

"अगं, एक कोपरा म्हणजे एक गेला," आत्या म्हणाली. "चार कापलेस तर पंगतीला वाढायला कोण राहील?"

मामांना हसू आलं. आत्याने बघितल्यावर ते गेलं.

"तिरके नाही, गोल कापू," मी म्हटलं. कोपऱ्यावर रुपया ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कात्रीने कापायचं. आम्ही दोघी कापत होतो, आत्या पेन्सिल फिरवत होती. मामांना फक्त रुपया धरायला दिला. दिवेलागणीपर्यंत गठ्ठा झाला. वडिलांनी गोल कोपऱ्यांना कुंकू लावलं आणि सकाळी मामांना बरोबर घेऊन उरणला गेले.

पुढचं वडिलांनी सांगितलं. वरमाईंनी पत्रिका उलटीसुलटी केली, प्रत्येक कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "हे काय नवीन?"

मामा म्हणाले, "मुंबईला हल्ली असंच करतात. मुद्दाम करून घेतलं. फार त्रास पडला."

"टोचत नाही कुठे," वरमाई खूश होऊन म्हणाल्या. "सूनही अशीच असली म्हणजे झालं."

वडील तत्काळ हो म्हणाले. सून कशी आहे ते वरमाईंना कळलं, पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.