बहरीन, मे महिना आणि स्वतःच्या हाताने भरलेलं पेट्रोल

बहरीनला मे महिन्यात जाऊ नये. मी मे महिन्यातच गेले, कारण मी पुण्यात शाळेत शिकवायचे आणि शिक्षिकेला जग बघायची मुभा फक्त मे महिन्यात असते. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, सौदीला जोडणारा पूल बांधून व्हायचा होता तेव्हाची. माझा धाकटा भाऊ शेखर तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्याने तिकीट पाठवलं आणि सोबत पत्र: "ताई, ये. माणसं कशी जगतात ते एकदा बघून जा." मग पुण्यात आम्ही इतकी वर्षं नेमकं काय करत होतो, एवढं विचारायला तरी जाणं भाग होतं.

विमानातून उतरलं की कुणी गरम इस्त्री तोंडासमोर धरावी तशी हवा. शेखर आणि त्याची बायको नंदा राजधानीतल्या उम्म अल हस्सम भागात फ्लॅटमध्ये राहायचे. खाली किराणा दुकान, शेजारी खुबूसची भट्टी. जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते: ही खुबूसची रोटी गरम असतानाच खावी, गार झाली की तिचा पुठ्ठा होतो. नळाला मचूळ पाणी यायचं, म्हणून प्यायचं पाणी कॅनने विकत. पेट्रोल मात्र पाण्याहून स्वस्त. हे वाक्य तिथला प्रत्येक भारतीय आलेल्या पाहुण्याला पहिल्या तासाभरात ऐकवायचा, जणू ती तेलाची विहीर त्यानेच खणली होती.

शेखर आदल्या वर्षी ट्रेनिंगसाठी सहा महिने अमेरिकेत राहून आला होता. बाकी काय शिकला ते कारखान्याला ठाऊक, पण तिकडे पंपावर पेट्रोल भरायला माणूस नसतो, आपणच उतरायचं, आपणच पाइप लावायचा, हे त्याने मला चार दिवसांत पाच वेळा सांगितलं. "डिग्निटी ऑफ लेबर, ताई! स्वतःचं काम स्वतः करायचं. कुणाला नोकरासारखं उभं करायचं नाही." हे सांगताना तो सोफ्यावर बसलेला असायचा आणि नंदा त्याला पाण्याचा ग्लास आणून देत असायची. रिकामा ग्लास न्यायलाही तीच यायची.

शुक्रवारी सुट्टी. वाळवंटात एकटंच उभं असलेलं एक जुनं झाड बघायला निघालो. नंदाने पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि बर्फाच्या डब्यात ताक घेतलं. (तिकडे जाताना पाणी सोबत घ्याच, वाटेत काही मिळत नसे.) सकाळी आठलाच गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. सित्रा बेट ओलांडून अस्करच्या रस्त्याला लागण्याआधी शेखरने एका पंपावर गाडी घेतली.

पंपावर चाळिशीचा एक सडपातळ माणूस होता. डोक्यावर टोपी, मानेभोवती ओला टॉवेल. तो पाइप उचलून पुढे आला आणि आमचं मराठी ऐकून त्याचा चेहरा खुलला.

"तुमी मराठी? मी देवगडचो. यशवंत."

आम्ही कौतुकाने काही बोलणार, तोवर शेखर उतरलाही होता. "द्या तो पाइप इकडे. मी भरतो."

"नको सायब. तुमी गाडयेत बसा, मी भरतंय."

"अहो, अमेरिकेत सगळे स्वतः भरतात. तुम्ही उन्हात उभं राहायचं आणि आम्ही सावलीत बसायचं, हे मला पटत नाही."

"सायब, ह्या माझा काम असा. सुपरवायझर बगीत."

"बघू दे की!" म्हणत शेखरने त्याच्या हातातून पाइप घेतला. घेतला म्हणजे ओढला. समोरच्या माणसाचा मान राखण्यासाठी त्याच्याशी झटापट करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

टाकी भरली की पाइप आपोआप बंद होतो, हे शेखरला अमेरिकेने शिकवलं होतं. इथल्या पाइपला ते कुणी शिकवलं नव्हतं. शेखर मला खिडकीतून पुढचा धडा देत होता, तेवढ्यात टाकीतून पेट्रोल उसळलं आणि त्याच्या पँटवर, बुटांवर, तापलेल्या जमिनीवर सांडलं. यशवंतने झेप घेऊन पाइप बंद केला, बादलीतली वाळू ओतली आणि शेखरला हाताला धरून मागे खेचलं.

ऑफिसातून सुपरवायझर धावत आला. त्याने शेखरकडे पाहिलंही नाही. "कस्टमर पेट्रोल भरेगा और तू देखेगा? आग लगती तो? खलास! कल से मत आना."

यशवंत एकदाच म्हणाला, "साबने जबरदस्ती लिया." सुपरवायझरने शेखरकडे पाहिलं. शेखर वाकून पँट झटकत होता. त्याने मान वर केली नाही. पैसे दिले, गाडीत बसला आणि आम्ही निघालो. मागे वळून पाहिलं तर यशवंत टोपी काढून उभा होता.

ते झाड खरंच बघण्यासारखं आहे. चारी बाजूंना वाळू आणि मधोमध हिरवागार पसारा. अर्ध्या तासाचा रस्ता, शेवटचा टप्पा कच्चा. आम्ही त्याच्या सावलीत चादर पसरली आणि कुणीच डबा उघडला नाही. शेखरच्या पँटला पेट्रोलचा वास येत होता.

"त्यांचा आपापसातला मामला आहे," तो कुणी न विचारताच म्हणाला. "दोन दिवसांत परत घेतील."

"नाही घेतलं तर?" नंदाने विचारलं. "नोकरी गेली की व्हिसा गेला. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"अगं, पण मी त्याच्या भल्यासाठीच..."

"अहो, स्वतःचं काम स्वतः करायचं ना?" नंदा उठून चादरीची घडी घालू लागली. "मग चला. हे काम तुमचं आहे."

लग्नाला सात वर्षं झाली होती. माझ्या भावाला इतकं सरळ कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या कारखान्यातही कुणी ऐकलं नसावं.  त्याने गाडी वळवली.

पंपाच्या ऑफिसात शेखर एकटाच गेला. आम्हाला काचेतून दिसत होतं. सुपरवायझर खुर्चीवर, शेखर उभा, वास येणाऱ्या पँटमध्ये. सुपरवायझरने त्याच्यापुढे कागद सरकवला. वर साहेबांना दाखवायला त्याला लेखी हवं होतं. कारखान्यात मोठमोठे रिपोर्ट लिहिणाऱ्या शेखरला ते चार ओळींचं इंग्रजी लिहायला बराच वेळ लागला: कामगाराने नको म्हटलं असतानाही मी त्याच्या हातातून पाइप ओढून घेतला, चूक माझी आहे.

यशवंतची नोकरी राहिली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. शिक्षा म्हणून महिनाभर त्याला पंपावरून काढून मागच्या बाजूला गाड्या धुवायला लावलं. त्या बाजूला सावली नव्हती. स्वतःच्या हाताने पेट्रोल भरण्याची किंमत तिथे अशी दुसऱ्याच्या नावावर लागते.

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि नंदा टॅक्सी करून त्याला भेटायला गेलो. नंदाने थर्मासमध्ये ताक नेलं होतं. तो ते उभ्यानेच प्यायला, तेवढ्यात मी पुण्यात शिक्षिका आहे हे नंदाने त्याला सांगितलं. मी विचारलं, "शेखरचा फार राग आला असेल ना?"

"राग येऊन काय करतलंय?" तो हसला. मग म्हणाला, "बाई, तुमी शाळेत शिकवतास ना? उद्या कोण वर्गात इलो आणि तुमच्या हातातलो खडू काढून म्हणालो, तुमी दमलात, बसा, मी शिकवतंय... तर?"

 तो पुन्हा गाडीवर पाणी मारायला लागला.

पुण्याला आले. शेजारणींनी सोनं किती आणलं ते विचारलं, शाळेत सगळ्यांना खजूर वाटले. अजूनही कुणी बहरीनला निघालं की मला विचारतात आणि मी झाडाचं, खुबूसचं आणि पाण्याचं सांगते. पंपाची गोष्ट सांगितलीच, तर शेखरची फजिती म्हणून सांगते आणि सगळे हसतात. आता पेन्शन घेत बसलेला शेखरही हसतो.

पण त्या दिवशी पंपावर मागच्या सीटवर मीही होते. काच खाली होती. "माझ्या भावाने पाइप ओढला, यांची चूक नाही," एवढं एक वाक्य मला हिंदीत येत होतं. मी ते बोलले नाही. झाडाखालीही बोलले नाही, बोलली ती नंदा. शेखरने निदान नंतर उभं राहून चूक कबूल केली. मी मात्र भावाला हसत राहिले, इतकी वर्षं.