साल काढणारे साडू

जगातल्या कुठल्याही गोष्टीचं साल काढल्याशिवाय आमच्या साडूंना ती गिळता येत नाही. लग्नपत्रिका आली की देव, कुलदेवता, प्रेषक आणि बाळगोपाळांचा आग्रह असं सगळं मागे दुमडून ते फक्त तारीख आणि कार्यालय वर ठेवतात. एकदा धुळ्याला लग्न कोणाचं हे न वाचताच गेले आणि त्या कार्यालयातल्या दोन लग्नांपैकी भलत्याच जोडप्याला मनापासून आशीर्वाद देऊन, पोटभर जेवून आले. जळगावात पाइपांच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळतात. संध्याकाळी घरी केळीच्या भावांच्या वेबसाइटी सोलतात. उड्या मारणाऱ्या जाहिराती, मधेच आडवी येणारी सोन्याच्या हारांची चित्रं, 'मान्य आहे का' म्हणून अडवणाऱ्या चौकटी हे सगळं त्यांचा प्रोग्रॅम उडवतो आणि खाली उरतं गाव आणि भाव. रावेर-यावलकडचे केळीवाले ते उघडंबोडकं पान रोज पाहतात आणि त्यांना दुवा देतात. "भाऊ, माहिती तळाशीच असते, वरचा नुसता पसारा," असं ते मला दर भेटीत ऐकवतात.

त्यांची थोरली बहीण, अक्का, दोंडाईच्याला एकटीच राहते. तिचे फोनवरचे बोलके निरोप म्हणजे कीर्तनच. म्हैस, शेजारणीची सून, बिघडलेले पापड, असं फिरत फिरत ती मूळ कामावर यायची. साडूंनी त्यावरही प्रोग्रॅम लिहिला. निरोपाची अक्षरं व्हायची, पाल्हाळ गळायचं आणि शेवटी उरायचं: 'तब्येत बरी. काम नाही.' हा पराक्रम त्यांनी अक्कालाच फोन करून कौतुकाने सांगितला. तिकडून तिने 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढचा निरोप आला तो एका दमाचा. "बरी शे. काम नही." त्यानंतरचा तसाच, त्याच्या पुढचाही. साडूंनी मला फोन दाखवला आणि म्हणाले, "यात काढण्यासारखं काहीच नाही हो." एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते दोंडाईच्याला निघाले. एकट्याने जायची हिंमत नव्हती, म्हणून मलाही नेलं.

अक्काने पाहुण्यांना करावा तसा चहा केला आणि कप हातात दिले. साडू कप खाली ठेवून तिच्या बोलीत म्हणाले, "अक्का, म्हैसनं काय व्हयनं?"

"ते कामनं नही शे, भाऊ."

"तरी सांग ना."

तिने पदराने डोळे टिपले आणि म्हशीपासून सुरुवात केली. परतीच्या गाडीची वेळ टळून गेली, पण साडू जागचे हलले नाहीत. मलाही उठावंसं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

अक्का आता फार थकली आहे. निरोप सांगताना मधेच विसरते आणि मग नुसता तिचा श्वास ऐकू येतो. साडू फोन कानाला धरून बसून राहतात. मेहुणी जेवायला हाका मारते आणि ते हाताने तिला थांबायची खूण करतात.